दोघांना सारखाच वेळ दिला, तरी एकजण हरला : मध्यस्थीतला ताकदीचा असमतोल

मधली पायरी

बरीच वर्षं मध्यस्थ म्हणून काम करते आहे. भागीदारीतले वाद, नोकरीतले वाद, अधूनमधून कौटुंबिक. एक जुनं प्रकरण डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढतेय. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

दोन भागीदार. एकजण हिशेब, बँक आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा, दुसरा यंत्रांपाशी उभा राहून माल काढायचा. पंधरा वर्षांनी वेगळं व्हायचं ठरलं. पहिला वकील घेऊन आला, तीन फाइली घेऊन आला आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या त्याने वाटणीचा आकडा सांगून टाकला. दुसरा एकटाच आला होता. हातात एक वही.

मी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. दोघांना सारखा वेळ, मध्ये कुणी तोडायचं नाही, मग दोघांशी वेगवेगळी बैठक. संध्याकाळच्या आत सह्या झाल्या, दोघांनी हात मिळवले, मी खूश.

पण दुसऱ्याने ताळेबंद पाहिलाच नव्हता. मला ते दिसत होतं. "हे आकडे कुणाकडून तपासून घ्यायचेत का?" एवढा प्रश्न ओठांवर आला होता. गिळला. वाटलं, हे विचारलं तर मी त्याची बाजू घेतल्यासारखं होईल.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. भांडायला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला पाऊण तास दिलात. पण पाऊण तास बोलण्यासारखं माझ्याकडे होतं काय?"

विचारायचं हे की, तुम्ही असता तर काय केलं असतं? मध्यस्थांनी सांगावंच, पण मध्यस्थीत पक्षकार म्हणून बसलेल्यांनी जास्त सांगावं.

शंकासुर

कडू वाटेल, पण लिहितो. तुम्ही बरोबर केलंत. मध्यस्थ म्हणजे न्यायाधीश नाही आणि लवादही नाही. निर्णय पक्षकारांचा. समोरचा सज्ञान आहे, पंधरा वर्षं धंदा केलेला आहे. त्याला वकील आणायला कुणी बंदी केली नव्हती. उद्या प्रत्येक मध्यस्थ "मला हा बिचारा वाटतो" म्हणून एकाच्या पारड्यात हात घालू लागला, तर दुसरा पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवेल का? आणि दुबळ्या पक्षाला गरज असते ती दुसरा खोलीत येण्याचीच.

एक_वाचक

वाचतोय. चांगला विषय.

उलटतपासणी

शंकासुर, हा वाद तुमच्याआधी दोघांनी छापून घातलेला आहे. १९८१ साली अमेरिकेत लॉरेन्स सस्काइंड या प्राध्यापकांनी पर्यावरणाच्या वादांबद्दल लिहिलं की करार न्याय्य आणि टिकाऊ होतोय का, आणि जे खोलीत नाहीत त्यांचं काय होतंय, याची जबाबदारी मध्यस्थाने घेतली पाहिजे. त्याच वर्षी मध्यस्थीचे अभ्यासक जोसेफ स्टुलबर्ग यांनी उत्तर दिलं की ही जबाबदारी घेतली की तटस्थता गेली, आणि तटस्थता गेली की मध्यस्थी उरत नाही. चाळीसहून जास्त वर्षं झाली, मिटलेलं नाही.

मी वकिली करतो, पक्षकाराबरोबर मध्यस्थीत नेहमी बसतो. माझ्या मते दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. एक निकालाबद्दल, एक प्रक्रियेबद्दल. "हा आकडा कमी आहे" असं मध्यस्थ म्हणाला तर त्याने निकालात हात घातला. "हा आकडा कशावरून काढला, ते दोघांनाही माहीत आहे का?" हा प्रश्न प्रक्रियेचा. तो धागाकर्तीने विचारायलाच हवा होता.

आणि 'निर्णय पक्षकारांचा' या तत्त्वाचा नीट अर्थ घ्या. अमेरिकेतल्या मध्यस्थांची आदर्श आचारसंहिता १९९४ ची, २००५ मध्ये सुधारलेली. तिचं पहिलंच कलम स्वयंनिर्णयाचं. त्यातच लिहिलंय की प्रत्येक पक्षाने माहिती घेऊन, मोकळेपणाने निर्णय घेतला याची हमी मध्यस्थ स्वतः देऊ शकत नाही, पण योग्य असेल तिथे इतर तज्ज्ञांचा सल्ला घेण्याचं महत्त्व त्याने पक्षकारांच्या लक्षात आणून द्यावं. म्हणजे तुमच्या बाजूचं अर्धं वाक्य आणि धागाकर्तीच्या गिळलेल्या प्रश्नाचं अर्धं वाक्य, दोन्ही एकाच परिच्छेदात.

भोवरा

तो पहिला आकडा सगळ्यांनी हलक्यात घेतलाय. १९७४ साली त्वेर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के? चक्र १० वर थांबलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ वर थांबलेल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नाही, तरीही.

आता तुमचा वहीवाला भागीदार. त्याच्याकडे दुसरा कुठलाच आकडा नव्हता. मग उरलेला दिवसभर तो त्या पहिल्या आकड्याभोवतीच फिरत राहिला असणार, थोडा वर, थोडा खाली. त्याने घासाघीस केलीही असेल आणि तुम्हाला वाटलं असेल, वा, वाटाघाटी चालल्यात.

मधली पायरी

भोवरा, अगदी हेच झालं. त्याने आठ टक्के वाढवून घेतले आणि मी ते यश म्हणून नोंदवलं.

सुतळी

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मी पक्षकार होते, घटस्फोटाच्या प्रकरणात. दोनदा मध्यस्थी झाली, दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडे.

पहिल्या वेळी आम्ही दोघं एकाच टेबलाशी. मध्यस्थ फार सज्जन. "मोकळेपणाने बोला," म्हणाले. नवरा एक शब्द वाईट बोलला नाही. फक्त पेनाचं बटण दाबत राहिला. टक, टक, टक. त्या आवाजाचा अर्थ त्या खोलीत मला एकटीला कळत होता. घरी तो आवाज सुरू झाला की पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मला काही नको, फक्त लवकर संपवा." मध्यस्थांनी लिहून घेतलं की पत्नीची कोणतीही मागणी नाही.

आणखी एक. त्यांचा नियम होता, "मागचं उगाळायचं नाही, पुढचं बोलू." ऐकायला किती छान. पण ज्याने केलं त्याला मागचं विसरणं सोयीचंच असतं. माझ्याकडे पुराव्यासारखं जे होतं ते सगळं मागचंच होतं. ते काढून घेतल्यावर मी रिकाम्या हाताने बसले होते.

दुसऱ्या मध्यस्थबाईंनी बैठकीच्या आधीच आम्हा दोघांना स्वतंत्र फोन केले. मला विचारलं, "त्यांच्या मनाविरुद्ध काही बोललात, तर संध्याकाळी काय होईल?" एवढं एकच. मी पाच मिनिटं बोलू शकले नाही. त्या फोन धरून होत्या. त्यानंतर आम्ही एका खोलीत कधीच बसलो नाही. मी अर्धा तास आधी यायचे आणि आधी निघायचे, लिफ्टपाशी गाठ पडू नये म्हणून. बरोबर बहीण बसायची. न बोलता, फक्त बसायची. त्या बाईंनी माझी बाजू घेतली असं नवऱ्यालाही वाटलं नाही, कारण तो फोन त्यालाही आला होता आणि हे नियम दोघांसाठी होते.

उलटतपासणी

सुतळी, लिहिलंत हे फार बरं केलंत. 'मागचं उगाळू नका' या नियमावर कायद्याच्या प्राध्यापक ट्रिना ग्रिलो यांनी १९९१ साली सविस्तर टीका केली होती. सक्तीच्या कौटुंबिक मध्यस्थीत बायकांच्या रागाला आणि दोष दाखवण्याला जागाच ठेवत नाहीत, आणि त्याने नुकसान कुणाचं होतं, असा त्यांचा मुद्दा. तुम्ही तो पेनाच्या आवाजात सांगितलात.

जिथे मारहाण किंवा धाक आहे तिथे तंत्रांची चर्चाच नंतरची. आधी प्रश्न हा की मध्यस्थी व्हावी का. युरोपीय परिषदेचा २०११ चा इस्तंबूल करार आहे, महिलांवरच्या हिंसेविरुद्धचा. त्याचं ४८ वं कलम अशा प्रकरणांत सक्तीच्या मध्यस्थीवर बंदी घालायला सांगतं. शब्द 'सक्तीच्या' आहे हे लक्षात ठेवा. बाईला स्वतःला हवी असेल, तर दार बंद नाही. पण मग "हवी आहे" हे ती कुणासमोर म्हणाली, तेही विचारावं लागतं.

शंकासुर

सुतळीताई, तुमच्या प्रकरणाबद्दल माझं काहीही दुमत नाही. धाक असेल तिथे माझा वरचा प्रतिसाद लागू नाही, तो मी मागे घेतो. पण भागीदाराला कुणाचा धाक नव्हता. अज्ञान आणि धाक एका तागडीत घालू नका.

निळी शाई

मी कामगारांच्या बाजूने बसते. तिसरा प्रकार राहिलाय, तो मांडते. धाक नाही, अज्ञानही नाही, तरी तोल गेलेला.

माझा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं मध्यस्थीला येतो. समोर कंपनीची अधिकारी त्याच मध्यस्थाकडे या वर्षात दहाव्यांदा आलेली. ते एकमेकांना "कसं काय?" विचारतात. यात काळंबेरं असतंच असं नाही, पण माझ्या माणसाच्या तिथेच काय ते लक्षात येतं. कायद्याचे अभ्यासक मार्क गॅलँटर यांनी १९७४ सालीच कोर्टांबद्दल हे मांडलं, वारंवार येणारे आणि एकदाच येणारे. वारंवार येणाऱ्याला नियम पाठ असतात, ओळखी असतात, एखादं प्रकरण हरलं तरी चालतं, कारण त्याचा डोळा पुढच्या पन्नासांवर. एकदाच येणाऱ्याचं सगळं एकाच डावावर लागलेलं. मध्यस्थीला तर हे जास्तच लागू, कारण पुढचं काम कोण देणार आहे हे मध्यस्थालाही ठाऊक असतं. आधी किती वेळा एकत्र काम केलंय ते त्याने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकावं. उशिरा कळलं तर विश्वास गेलाच समजा.

दुसरं, फी. "अर्धी-अर्धी, म्हणजे समान." नाही हो. एकाचा तो किरकोळ खर्च, दुसऱ्याचा महिन्याचा पगार. आणि कंपनीने सगळी दिली तर माझा माणूस म्हणतो, ज्याची फी त्याचा मध्यस्थ. आम्ही बहुतेक वेळा असं करतो, की जास्त हिस्सा कंपनीचा, पण मध्यस्थाचं नाव कामगाराने सुचवलेल्या तिघांतून. पक्कं उत्तर नाही, पण चालतं.

तिसरं, वेळ. कंपनीला सहा महिने लागले तरी फरक पडत नाही. याचं घरभाडं पुढच्या आठवड्यात.

उलटतपासणी

निळी शाई, तुमचा तिसरा मुद्दा म्हणजे कायद्याचे प्राध्यापक ओवेन फिस यांचा १९८४ चा तडजोडीविरुद्धचा युक्तिवाद. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. गरीब पक्षाकडे खटल्याचा अंदाज बांधण्याइतकी माहिती आणि विश्लेषण नसतं, त्याला पैसे आत्ता लागतात म्हणून तो कमी घेतो, आणि लढायला पैसे नाहीत म्हणून तडजोड करतो. आमचा वहीवाला पहिल्या वाटेवरचा, तुमचा माणूस दुसऱ्या.

एक गंमत. मध्यस्थीतले करार देशोदेशी अमलात यावेत म्हणून सिंगापूर करार झाला. २०१९ मध्ये सह्यांसाठी खुला झाला, २०२० मध्ये लागू. त्यातून काय वगळलंय? ग्राहकांचे वाद, कौटुंबिक, वारसाहक्काचे आणि नोकरीचे. तोल बिघडण्याची भीती जिथे सर्वात जास्त, नेमकी तीच यादी. आणि व्यापारी वादातही मध्यस्थाने आचारनियमांचा गंभीर भंग केला, किंवा आपल्या निष्पक्षपणाबद्दल शंका येईल अशी गोष्ट लपवली, आणि त्यामुळेच पक्षकार करारात ओढला गेला, तर अंमलबजावणी नाकारता येते. तुमचा 'पहिल्या मिनिटाला सांगा' मुद्दा तिथे कायद्याच्या भाषेत बसलेला आहे.

एक_वाचक

मग सरळ कोर्टातच का जाऊ नये? बळी तो कान पिळी हे इथेही असेल तर निदान तिथे न्यायाधीश तरी असतो.

निळी शाई

जाऊन बघा. गॅलँटर कोर्टाबद्दलच बोलत होते.

भोवरा

सगळे 'दुबळा' आणि 'ताकदवान' अशा पाट्या लावून मोकळे झालात, म्हणून थोडा उलटा फिरतो.

ताकद ही एक वस्तू नसते. फ्रेंच आणि रेवन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच तिचे पाच झरे सांगितले होते : बक्षीस देण्याची, शिक्षा करण्याची, पदाची, जाणकारीची आणि लोकांना आपल्यासारखं व्हावंसं वाटण्याची. माहितीचा सहावा नंतर जोडला. एका माणसाकडे एक असतो, दुसऱ्याकडे दुसरा. आणि अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६० साली दाखवलं की वाटाघाटीत हात बांधलेले असणं हीच कधी ताकद होते. "माझ्या हातात काहीच नाही हो" असं ज्याला खरेपणाने म्हणता येतं, त्याच्यासमोर दुसऱ्यालाच सरकावं लागतं.

मी एकदा मोठ्या संस्थेच्या बाजूने बसलो होतो. समोर एकटा पुरवठादार, साधे कपडे, कमी बोलणं. मध्यस्थाला त्याची दया आली, दोनदा आमच्यावर घसरला. त्याला हे माहीत नव्हतं की तो सुटा भाग जगात अजून कुणी बनवत नव्हतं आणि आमची मुदत दहा दिवसांवर होती. पुरवठादाराला ते पक्कं माहीत होतं. झाकली मूठ घेऊन शांत बसला होता.

तेव्हा असमतोल दूर करण्याआधी तो कुठे आहे ते तरी शोधा. माझा एकच प्रश्न असतो, दोघांनाही, वेगवेगळं बोलावून : "इथे काहीच ठरलं नाही, तर उद्या सकाळी उठून तुम्ही काय कराल?" ज्याच्याकडे उत्तर तयार आहे तो बळकट, मग त्याचे कपडे कसेही असोत.

शंकासुर

भोवरा, हे पटलं. पण आता अडचण बघा. वेगळ्या बैठकीत एकाचं उत्तर कच्चं निघालं, मग मध्यस्थ काय करणार? त्याला पर्याय शिकवणार? शेजारच्या खोलीत दुसरा बसलाय, घड्याळ बघतोय, की तिकडे चाळीस मिनिटं आणि माझ्याकडे दहा. तटस्थता मनात असून भागत नाही, ती दिसावीही लागते.

मधली पायरी

शंकासुर, या प्रश्नाची वाटच बघत होते. त्या फोननंतर मी बदललेल्या गोष्टी सांगते, काही फसल्याही.

सुरुवातीला मी नेमकं तुम्ही म्हणता तेच केलं. वेगळ्या बैठकीत दुबळ्या पक्षाला हळूच समजवायचे, हे विचारा, ते मागा. तिसऱ्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने ओळखलं. त्यांच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "हा प्रश्न यांचा की तुमचा?" मला उत्तर देता आलं नाही. तो दिवस वाया गेला आणि ज्याला मदत करायला गेले त्याचाच तोटा झाला.

मग लक्षात आलं की बहुतेक काम बैठकीच्या आधीच उरकता येतं, आणि दोघांना एकच गोष्ट करायला लावली तर कुणाला टोचत नाही. आता आठवडाभर आधी दोघांनाही एकच कागद जातो. कोणती कागदपत्रं लागतील, तुमच्याकडे कोणती आहेत, कोणती समोरच्याकडे आहेत असं वाटतं, आकडे कोण समजावून सांगेल, बरोबर कुणाला आणणार, उद्या सकाळी काय कराल. बळकट पक्ष तो दहा मिनिटांत भरतो. दुसऱ्याला तीन दिवस लागतात आणि त्या तीन दिवसांतच तो कुणाकडे तरी जातो. मी काही शिकवत नाही. कोरे रकाने शिकवतात.

कागदपत्रांची देवाणघेवाण होईपर्यंत आकडा काढायचा नाही, हाही दोघांसाठी नियम. भोवरांच्या चक्रासाठी.

आणि मसुदा. याबद्दल कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. पूर्वी ज्याचा वकील असेल तो म्हणायचा, "मी टाइप करून आणतो," आणि मी हो म्हणायचे, काम वाचलं म्हणून. आता मसुदा मी ठेवते. १९७८ साली अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इजिप्त आणि इस्रायलमध्ये तेरा दिवस बोलणी चालली. अमेरिकी बाजूने एकच मजकूर हातात ठेवला, दोघांची टीका घेतली आणि पुन्हा लिहिला. असे तेवीस मसुदे झाले. अर्थात अमेरिका तिथे तटस्थ-बिटस्थ नव्हती, स्वतःचं वजन टाकत होती. पण पद्धत उचलण्यासारखी आहे. "याला तुमचा प्रस्ताव काय?" या प्रश्नाला वहीवाला गप्प बसतो, "यात काय चुकलंय?" या प्रश्नाला तो बोलतो.

सही त्याच दिवशी नाही. किमान एक रात्र मध्ये. याला बळकट पक्ष कुरकुरतो, कारण दमलेला माणूस सही पटकन करतो हे त्यालाही ठाऊक असतं.

वेळेचं तुमचं बरोबर आहे. मी आधीच सांगून ठेवते, की वेगळ्या बैठका सारख्या लांबीच्या नसतील, एखाद्याचं हिशेबाचं काम जास्त असतं. आधी सांगितलं की नियम, नंतर सांगितलं की सबब.

नवी_खिडकी

ऑनलाइन मध्यस्थीबद्दल कुणी लिहील का? आमच्याकडे एकीच्या चौकटीबाहेर कुणीतरी बसून तिला खुणा करत होतं. ती दर वाक्याआधी डावीकडे बघायची.

सुतळी

माझ्यासारखीला ऑनलाइन बरं पडलं असतं, एका इमारतीत तरी जावं लागलं नसतं. पण घर वेगळं असेल तरच. एकाच घरातून दोन फोनवर मध्यस्थी झालेली मी ऐकलीय.

निळी शाई

नवी_खिडकी, सुरुवातीला कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवायला लावतात आणि मध्येच एक साधा फोन करतात. सगळं पकडलं जात नाही.

शंकासुर

मधली पायरी, एवढं सगळं करूनही तोल सावरला नाही तर? थांबवता? आणि कारण काय सांगता?

मधली पायरी

थांबवते. वर्षातून एकदा-दोनदा. वर उलटतपासणींनी सांगितलेल्या त्याच आचारसंहितेत आहे, की हिंसा लक्षात आली तर पुढे ढकला, बाहेर पडा किंवा बंद करा.

कारण मात्र सांगत नाही, आणि हे मी चूक करून शिकले. एकदा म्हणाले होते, "या बाईंना मोकळेपणाने बोलता येत नाहीये असं मला वाटतं." झालं. पुढचं सगळं तिला घरी ऐकावं लागलं, "तू काय सांगितलंस त्यांना?" आता फक्त "हे प्रकरण मध्यस्थीने पुढे नेणं मला जमणार नाही." कमीपणा माझ्याकडे. दोघांना वेगवेगळं बाहेर पाठवते आणि पुढे कुणाकडे जाता येईल ती यादी दोघांच्याही हातात.

सुतळी

हे "मला जमणार नाही" आमच्या पहिल्या मध्यस्थांना सुचलं असतं तर.

त्या भागीदाराला फोनवर काय सांगितलंत?

मधली पायरी

माफी मागितली. करार बरा की वाईट हे सांगितलं नाही, ते मला अजूनही सांगता येणार नाही, कारण ताळेबंद मीही पाहिला नव्हता. कागद घेऊन स्वतःच्या वकिलाकडे आणि हिशेबनिसाकडे जा, मुदतीची चौकशी आधी करा, एवढं म्हटलं. पुढचं माहीत नाही. त्याने कळवलं नाही, मी विचारलं नाही.

शंकासुर

शेवटचं विचारतो, राग मानू नका. तो प्रश्न तुम्ही त्या दिवशी विचारला असतात, तर त्याने आकडे तपासून घेतले असते याची खात्री आहे?

मधली पायरी

नाही. बहुधा म्हणाला असता, "नको, पंधरा वर्षांचा विश्वास आहे." आणि मग शंकासुर, मी तुमच्याशी सहमत असते.

शनिवारी एक नवीन भागीदारीचं प्रकरण आहे. कागद दोघांनाही सोमवारी गेला. एकाचा भरून आला त्याच संध्याकाळी. दुसऱ्याने आज फोन करून विचारलं, "ताळेबंद कुठून मिळतो?"